इंजिन किती टिकतं? (निमित्त : पद्मिनी)

मरोळच्या आमच्या हापिसात जेवणानंतरच्या चहाला काही वाद ठरलेले असतात. मिसळ कोल्हापूरची की नाशिकची, घर विकत घ्यावं की भाड्याने राहावं, वगैरे. त्यात सगळ्यात टिकाऊ वाद म्हणजे टिकाऊ इंजिनाचा. एक जण टोयोटाची बाजू लावून धरतो, दुसरा होंडाची, तिसरा मारुती ८०० च्या आठवणीने हळवा होतो. आणि प्रत्येकाचा एक मामा असतोच, ज्याच्या गाडीने 'इंजिनाला हात न लावता' तीन लाख किलोमीटर काढलेले असतात. हा मामा कधी कुणी बघितलेला नाही.

म्हटलं, या विकांताला जरा इतिहास चाळावा. त्यासाठी लांब जायची गरज नाही. मरोळ नाक्यावरून जाणारा अंधेरी-कुर्ला रोड धरला, साकीनाक्याची ट्रॅफिक सहन केली, की येतं कुर्ला. मुंबईने ज्या इंजिनाला सर्वात जास्त राबवून घेतलं, ते तिथे बनत होतं. प्रीमियर पद्मिनीचं, म्हणजे आपल्या काळ्या-पिवळ्या 'फियाट'चं.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आधी डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या, मग इटलीच्या फियाटशी घरोबा झाला. वालचंद १९५३ साली गेले. ज्या गाडीमुळे त्यांची कंपनी घराघरात पोचली ती त्यांनी पाहिलीच नाही. फियाट ११०० डिलाइट कुर्ल्यात आली १९६४ साली. पुढे तीच प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि मग १९७४ पासून पद्मिनी. नाव बदललं, जाळी बदलली, दिवे बदलले. इंजिन मात्र १०८९ सीसीचंच राहिलं.

आता गंमत बघा. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर हे माप फियाटने इटलीत १९३७ सालच्या बालिला ११०० मध्ये वापरलं होतं. म्हणजे २००० च्या सुमारास शेवटच्या पद्मिन्या बाहेर पडत होत्या तेव्हा त्यांच्या बॉनेटखाली साठ वर्षांहून जुन्या घराण्याचं इंजिन होतं. आपल्या भाषेत अस्सल लीगसी कोड. डॉक्युमेंटेशन कुणाकडे नाही, पण प्रॉडक्शनमध्ये चालू!

मग हे इंजिन भरवशाचं होतं का? चहावाल्या वादाच्या नियमाने बघितलं तर अजिबात नाही. चार सिलिंडर, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, त्यावर अॅल्युमिनियमचं हेड, एक कार्ब्युरेटर. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये गाडी तापायची, पॉइंट साफ करावे लागायचे, पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरमध्ये ओल गेली की बंद. काही वर्षं पळाली की धूर मारायची, ऑइल खायची. मामाचं 'हात न लावता' इथे पहिल्याच पावसात निकालात निघतं.

तरी या गाड्या वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षं टॅक्सी म्हणून धावल्या. कशा?

थोडं श्रेय टॅक्सीच्या धंद्याला. इंजिनाची झीज जास्त होते ती थंड असताना चालू करताना, ऑइल सगळीकडे पोचायच्या आधी. आपली गाडी रोज सकाळी थंडगार सुरू होऊन मरोळहून पवईला जाते आणि थंड व्हायला उभी राहते. टॅक्सी सकाळी एकदा गरम झाली की रात्रीपर्यंत गरमच. शिवाय मुंबईच्या गर्दीत इंजिनाला फार उच्च आरपीएम गाठायची संधीच मिळत नाही.

पण खरं श्रेय मिस्त्रीला. हे इंजिन उघडता यायचं. सिलिंडर झिजला की ब्लॉक लेथवाल्याकडे, रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन. पुन्हा झिजला, पुन्हा बोअर. जागा संपली की स्लीव्ह ठोकून परत मूळ मापावर. क्रँक घासून त्याला मापाची बेअरिंग. हेड उतरवून व्हॉल्व्ह ग्राइंडिंग. २००० नंतर न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. मूळ इंजिन गॅससाठी बनलेलंच नव्हतं, तरी गल्लीतल्या गॅरेजांनी तेही पचवलं.

आणि हे शक्य झालं एका वाईट धोरणामुळे! परमिट राजमध्ये स्पर्धा नव्हती, गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा आणि कंपनीला मॉडेल बदलायची घाई नव्हती. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने शिक्षाच. पण त्यामुळे तीन दशकं सुटे भाग जवळपास तेच राहिले. कुर्ल्याच्या किंवा चोरबाजाराच्या जुन्या सामानात हवा तो भाग सापडायचा आणि एकाच इंजिनावर हात बसलेल्या मिस्त्रींची पिढीच्या पिढी तयार झाली.

हे फक्त आपल्याकडचं म्हणून सोडून देऊ नका. जगातले विक्रम बघा. ग्रीसमधल्या थेसालोनिकीचे टॅक्सीवाले ग्रेगोरिओस साचिनिदिस यांची १९७६ ची मर्सिडीज २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालली आणि २००४ साली कंपनीच्या संग्रहालयात गेली. पण ती काही एकाच इंजिनावर चालली नाही. त्यांनी इंजिनं दुरुस्त करून आलटून पालटून बसवली. अमेरिकेत आर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ च्या व्होल्वोवर ३० लाख मैल पार केले ते २०१३ साली. त्यांचंही इंजिन उघडून पुन्हा बांधलेलं होतं. थोडक्यात, विक्रमवीरांनीही हात लावलेला आहे. (त्या २४० डीचं ओएम ६१६ घराण्यातलं डिझेल इंजिन परवाना घेऊन आपल्या पुण्याच्या बजाज टेम्पोनेही बनवलं. गावाकडे वडाप म्हणून माणसं कोंबून धावलेली ट्रॅक्स आठवते? तेच.)

आपल्या धंद्यात दोन आकडे वेगळे मोजतात. दोन बिघाडांमध्ये सरासरी किती वेळ जातो तो एमटीबीएफ आणि बिघडलेलं दुरुस्त व्हायला किती वेळ लागतो तो एमटीटीआर. सर्व्हर किती वेळ उपलब्ध राहील हे दोन्हींवर ठरतं. चहाच्या वादात आपण पहिल्याच आकड्यावर भांडतो. टॅक्सीवाल्याचं पोट दुसऱ्यावर असायचं. गाडी भाड्याने चालवणाऱ्याला एक दिवस गाडी उभी राहणं म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली. वारंवार बिघडणारं पण त्याच दिवशी रस्त्यावर येणारं इंजिन त्याला परवडायचं. पाच वर्षांत एकदाच बिघडून आठवडाभर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पडून राहणारं, आणि जाताना तोंडाला फेस आणणारं बिल देणारं, परवडेलच असं नाही.

म्हणून जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. सीप्झच्या रात्रपाळ्यांना माणसं पोचवणाऱ्या क्वालिस आणि इनोव्हा यांनी पहिल्या आकड्यात पद्मिनीला केव्हाच मागे टाकलं. खुद्द फियाटचं १.३ मल्टिजेट घ्या. रांजणगावला बनलं, टाटाच्या गाड्यांत बसलं, मारुतीने परवाना घेऊन स्विफ्टमध्ये घातलं. उत्तम इंजिन. पण २०२० साली बीएस-६ आलं आणि आपल्याकडे ते थांबलं. हवा स्वच्छ हवी असेल तर कार्ब्युरेटरचा जमाना संपायलाच हवा होता.

पद्मिनीचंही तेच झालं. मुंबईतल्या टॅक्सीचं आयुष्य २००८ साली पंचवीस वर्षांवर आणि २०१३ साली वीस वर्षांवर आणलं गेलं. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. इंजिन अजून एकदा बोअर होऊ शकलं असतं. संपली ती कागदावरची तारीख.

कुर्ल्यातल्या कारखान्याच्या जागी आज कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. पण मला जास्त चुटपुट लागते ती त्या मिस्त्रींची. कानाने टॅपेट ओळखणारा माणूस स्कॅनर लावून एरर कोड वाचायला शिकेलही, पण सीलबंद ईसीयू उघडायची परवानगी त्याला कोण देणार? तेव्हा पुढची गाडी घेताना शोरूमवाल्याला इंजिन किती टिकेल हे जरूर विचारा. सोबत हेही विचारा, की बिघडलं तर ते उघडू शकणारा माणूस माझ्या घरापासून किती लांब आहे? दुसऱ्या प्रश्नाला तो किती वेळ गप्प राहतो, त्यावरून बरंच कळेल.