सोल तरले, सायगाव बुडाले

लहान राष्ट्राने संरक्षणासाठी बलाढ्य मित्रावर विसंबू नये, हे मत आपल्याकडे इतके रुळले आहे की त्याला पुरावा मागावा असे सहसा कुणाला वाटत नाही. मागितलाच, तर तीन दाखले पुढे केले जातात. १९३८ साली म्युनिकमध्ये फ्रान्सने आपल्याच दोस्ताचा, चेकोस्लोव्हाकियाचा, बळी दिला. १९७५ मध्ये अमेरिकेने दक्षिण व्हिएतनामला वाऱ्यावर सोडले. आणि घरचा दाखला म्हणजे १८०२ चा वसईचा तह : होळकरांपासून वाचण्यासाठी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची फौज पदरी घेतली आणि सोळा वर्षांत पेशवाई गेली. महासत्ता स्वार्थ पाहते. अडचणीत पाठ फिरवते, नाहीतर मालक होऊन बसते, असा यातून निष्कर्ष काढला जातो.

महासत्ता स्वार्थ पाहते, हे कबूल. पण तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. स्वार्थ सर्वत्र सारखा असेल तर परिणामही सारखे व्हायला हवेत. ते तसे झालेले नाहीत. एकच अमेरिका, एकच शीतयुद्ध, कोरिया आणि व्हिएतनाम या दोन्हीकडे दुभंगलेला देश आणि उत्तरेत साम्यवादी राजवट. तरीही सोल आज उभे आहे आणि सायगाव ३० एप्रिल १९७५ रोजी पडले. मित्राच्या स्वभावाने या फरकाचा उलगडा होत नाही. मैत्री कशी बांधली होती, ते पाहावे लागते.

कोरियापासून सुरुवात करू. १९४९ च्या मध्यापर्यंत अमेरिकेने तिथले लढाऊ सैन्य काढून घेतले होते. जानेवारी १९५० मध्ये परराष्ट्रमंत्री ॲचेसन यांनी आशियातील संरक्षणरेषा जाहीर केली, तीत दक्षिण कोरियाचे नाव नव्हते. २५ जूनला उत्तरेचे रणगाडे सीमा ओलांडून आले. अमेरिका संरक्षणाचे बंधन घालणारा कोणताही करार नसताना धावून आली, पण तोवर देशाची राखरांगोळी व्हायची ती झालीच. मदत नंतर येणे आणि हल्लाच न होणे यांतले अंतर दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना तिथे कळले. १९५३ मध्ये वॉशिंग्टनला युद्धविरामाची घाई झाली, तेव्हा या हट्टी म्हाताऱ्याने १८ जूनला अमेरिकेला न विचारता सुमारे २७ हजार युद्धकैदी सोडून दिले आणि वाटाघाटीच उधळायची वेळ आणली. युद्धविराम मोडणार नाही, या हमीच्या बदल्यात त्यांनी परस्पर संरक्षणाचा करार पदरात पाडून घेतला. त्यावर ऑक्टोबर १९५३ मध्ये सह्या झाल्या आणि पुढे अमेरिकी सिनेटने त्याला मंजुरी दिली. करारात आपोआप युद्धात उतरण्याचे बंधन नाही. प्रत्येक देश आपल्या घटनात्मक पद्धतीने पाऊल उचलेल, एवढेच म्हटले आहे. वजन आहे ते कोरियात राहिलेल्या अमेरिकी सैन्याला. आजही तिथे सुमारे २८ हजार अमेरिकी सैनिक आहेत. हल्ला झाला तर पहिल्याच दिवशी तेही मरतील, हे उत्तरेला ठाऊक आहे.

आता सायगाव. जानेवारी १९७३ च्या पॅरिस कराराने अमेरिकी सैन्य परतले, पण दक्षिणेत घुसलेले उत्तरेचे सैन्य तिथेच राहिले. दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थ्यू यांनी यावर आक्षेप घेतला. त्यांची समजूत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी पत्रे लिहून काढली : उत्तरेने करार मोडला तर अमेरिका पूर्ण बळानिशी उत्तर देईल. ही पत्रे गुप्त होती. अमेरिकी काँग्रेसने ती पाहिलीच नव्हती. त्याच वर्षी काँग्रेसने इंडोचीनमधील लष्करी कारवाईला मनाई केली. ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन पायउतार झाले आणि वचनाला धनी उरला नाही. ऱ्ही यांनी सैन्य आणि सिनेटची मंजुरी मिळवली. थ्यू यांच्या हाती एका माणसाचा शब्द होता.

म्युनिकचा दाखलाही तपासून घ्यावा. फ्रान्सचा प्रागशी करार होता, पण फ्रेंच सैन्याची सारी आखणी मॅजिनो तटबंदीआड बसून लढण्याची होती. जर्मनीत घुसून चढाई केल्याशिवाय चेकोस्लोव्हाकियाला मदत पोहोचणे शक्य नव्हते. सोव्हिएत मदत तर फ्रान्सने आधी हालचाल केली तरच मिळणार होती. मित्राची नियत ढळण्याआधीच त्याची कुवत आणि भूगोल उलट बाजूला होते, आणि हे १९३८ च्या कितीतरी आधी दिसत होते.

इथे प्रतिपक्षाचा सर्वांत जड आक्षेप येतो : परकी फौज घरात ठेवणे म्हणजे तैनाती फौजच नव्हे काय? आक्षेप खरा आहे. ऱ्ही यांनी १९५० मध्ये आपल्या सैन्याचे नियंत्रण अमेरिकी सेनापतीकडे सोपवले. शांतताकाळातले नियंत्रण सोलला १९९४ मध्ये परत मिळाले, युद्धकाळातले अजून पूर्णपणे मिळालेले नाही. ही किंमतच आहे. पण वसईच्या तहात बाजीरावाने फौजेच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी न करण्याचे मान्य केले. सोलने मात्र १९९० मध्ये मॉस्कोशी आणि १९९२ मध्ये बीजिंगशी राजनैतिक संबंध जोडले. १९७१ मध्ये अमेरिकेने एक अख्खी डिव्हिजन परत नेली, तेव्हा कोरियाने स्वतःचा शस्त्रउद्योग उभारायला घेतला. आपल्या लष्करातली ‘के-९ वज्र’ तोफ त्याच उद्योगातल्या तोफेवर बेतलेली आहे. बाजीरावाची सत्ता मित्राच्या छायेत आटत गेली, कोरियाची वाढली. मैत्री आणि मांडलिकी यांतला भेद इथे तपासावा.

मग दूर राहणे तरी सुरक्षित आहे का? बेल्जियमने १९३६ मध्ये फ्रान्सशी असलेली लष्करी साथ सोडून तटस्थता पत्करली. जर्मनीला डिवचायचे नाही म्हणून मित्रसैन्याला आधी आत घेतले नाही, एकत्र आखणीही धड होऊ दिली नाही. १० मे १९४० ला हल्ला झाला आणि १८ दिवसांत राजाने शरणागती पत्करली.

म्हणून ‘मोठ्यावर विसंबावे की नाही’ हा प्रश्नच अपुरा आहे. मित्राचे सैन्य वेळेत पोहोचू शकते का, त्याचे वचन कायद्याने बांधलेले आहे की एखाद्या नेत्याच्या मर्जीवर, आणि त्याच्या सोबतीत आपले स्वतःचे बळ वाढते की आटते, हे तीन प्रश्न लहान राष्ट्राने सही करण्यापूर्वी विचारावेत. तिन्ही उत्तरे अनुकूल असतील तर महासत्तेचा स्वार्थच आपला पहारेकरी होतो. नसतील, तर तिची कितीही सदिच्छा असो, सही करू नये.