विद्युत् रासायनिक ऑक्सिडीकरण (पाणी व मृदा यांचे शुद्धीकरण)

विद्युत् रासायनिक ऑक्सिडीकरण : पाण्यात बुडवलेल्या विद्युत् अग्रांमधून एकदिश प्रवाह सोडून कार्बनी प्रदूषकांचे विघटन करण्याची पद्धत. धनाग्रावर पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन निघून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. त्याचा प्रमाण विभव सुमारे २.८ व्होल्ट, म्हणजे ओझोनपेक्षाही जास्त. त्यामुळे जिवाणूंना न पचणारे रंग, कीटकनाशके व औषधांचे अवशेषही तो फोडतो. धनाग्र कशाचे आहे यावर बरेच अवलंबून असते. लोझान येथील क्रिस्तोस कॉमनिनेलिस यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार इरिडियम ऑक्साइडासारख्या ‘सक्रिय’ अग्रांवर मूलक पृष्ठभागाशी बांधला जातो आणि ऑक्सिडीकरण अर्धवट राहते. बोरॉनमिश्रित हिऱ्यासारख्या ‘असक्रिय’ अग्रांवर तो जवळजवळ मोकळा असतो, म्हणून प्रदूषक कार्बन डाय-ऑक्साइडापर्यंत जळू शकते.

मात्र या मूलकाचे आयुष्य अत्यल्प असते. अग्रापासून एक मायक्रोमीटर अंतर कापण्याआधीच तो संपतो, म्हणून प्रदूषकालाच त्याच्यापर्यंत यावे लागते. पाणी विरळ असेल, तर प्रदूषक पुरेशा वेगाने पोहोचत नाही आणि वीज नुसते ऑक्सिजनाचे बुडबुडे काढण्यात जाते. म्हणून ही पद्धत थोड्या, दाट आणि हट्टी सांडपाण्यासाठीच योग्य आहे. शहराच्या मैलापाण्यावर ती लावणे म्हणजे विजेची उधळपट्टी. १ किग्रॅ. रासायनिक ऑक्सिजन मागणी (सीओडी) भागवायला फॅराडेच्या नियमानुसार सुमारे ३,३५० अँपिअर-तास लागतात. ५ व्होल्टला हे जवळजवळ १७ युनिट झाले, तेही प्रवाहाचा एक कणही वाया न जाता. मैलापाण्याचे काम जिवाणू याहून कितीतरी स्वस्तात करतात. ‘मग ही पद्धत हवीच कशाला?’ हा आक्षेप मात्र टिकत नाही, कारण जिथे जिवाणू हात टेकतात तिथला दुसरा पर्याय बहुधा भट्टीत जाळण्याचा असतो, आणि त्यात दर लिटर पाण्याची वाफ करण्याची ऊर्जाही मोजावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इचलकरंजीसारख्या वस्त्रनगरीत सुती कापड रंगवताना भरपूर मीठ वापरतात. हे खारे पाणी वीज चांगली वाहते आणि धनाग्राशी तयार झालेल्या क्लोरिनामुळे लालभडक पाणी पाहता पाहता पिवळसर व मग नितळ होते. फसगत इथेच होते. रंग देणारा ॲझो बंध तुटला, तरी रंगाच्या रेणूतील बेंझिन वलये शिल्लक असू शकतात; क्लोरिनयुक्त कार्बनी संयुगे, क्लोरेट आणि हिऱ्याच्या अग्रावर परक्लोरेटही तयार होतात. याला उपाय आहे : विद्युत् प्रवाहाची घनता आवरणे, क्लोराइड कमी असलेले सांडपाणी आधीच वेगळे काढणे आणि वेळेवर थांबणे, म्हणजे रेणू पचण्याजोगे झाले की उरलेले काम जैविक टाकीकडे सोपवणे.

मातीत ही क्रिया थेट फारशी चालत नाही. पृष्ठसक्रियकाच्या द्रावणाने माती धुऊन किंवा विद्युत् तर्षणाने चिकणमातीतील पाणी ऋणाग्राकडे ओढून ते पाणी बाहेर शुद्ध करतात. यात पृष्ठसक्रियकही जळतो व खर्च वाढतो.

भारतात भूपृष्ठीय जलाशयात सोडायच्या सांडपाण्यासाठी सीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिग्रॅ. आहे. पण खाऱ्या सांडपाण्यावरील प्रकल्पाच्या अहवालात सीओडी व रंगासोबत एकूण कार्बनी कार्बन, क्लोरेट आणि परक्लोरेट यांचे आकडे नसतील, तर तो अहवाल अपुरा मानावा.