दुसऱ्या पसंतीची कुळकथा

जुलै १९६९. बेंगळुरूच्या लालबागेतील काचघरात काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. त्याच मुक्कामी इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध राष्ट्रपतिपदासाठी नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरले. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले. तिसरे प्रमुख उमेदवार आपले सी. डी. देशमुख, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदावर पाणी सोडणारे.

पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. जिंकायला ४,१८,१६९ हवे होते. कोणीच तिथवर पोचले नाही. मग तळाचे उमेदवार एकेक करून बाद झाले. त्यांच्या मतपत्रिकांवरचा पुढचा पसंतीक्रम पाहून ती मते उरलेल्यांत वाटली. देशमुखांचीही वाटली, आणि त्यांतली बहुतेक रेड्डींकडे गेली. तरी शेवट ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असा झाला. गिरी थोडक्यात तरले!

या पद्धतीचे मूळ डेन्मार्कात. गणितात मुरलेले अर्थमंत्री कार्ल आंद्रे यांनी ती १८५५मध्ये आणली. दोनच वर्षांनी लंडनचे वकील टॉमस हेअर यांनी जवळपास तीच स्वतंत्रपणे मांडली. एका जागेसाठीचे तिचे रूप अमेरिकन वास्तुविशारद वेअर यांचे, साधारण १८७०चे. ऑस्ट्रेलियाने १९१८मध्ये पसंतीक्रम थेट संसदेच्या निवडणुकीत आणला.

आपली घटना समितीच १९४६मध्ये प्रांतिक आमदारांच्या पसंतीक्रमाने निवडली गेली होती. तिथे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याचा, आग्रह धरला. ४ जानेवारी १९४९ रोजी आंबेडकरांनी तो नाकारला. मतदाराला निदान आकडे तरी कळायला हवेत, आणि अशाने सरकार अस्थिर होईल, हे त्यांचे आक्षेप. त्या काळी पहिला आक्षेप रास्तच होता.

त्यामुळे पसंतीक्रम उरला तो राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यसभा आणि विधान परिषदेपुरता. बेंगळुरूच्या पदवीधर मतदाराच्या हाती परिषदेच्या निवडणुकीत जांभळे स्केचपेन देतात. नावापुढे १, २, ३ लिहायचे, अक्षरी नाही. सही केली किंवा १ दोघांपुढे लिहिला, की मत बाद. विधानसभेला मात्र त्याच मतदाराने एक बटण दाबून गप्प बसायचे.

अस्थिरतेची भीती मुख्यतः एका मतदारसंघातून अनेक जण निवडण्याच्या पद्धतीला लागू होते, वेअरच्या एका जागेसाठीच्या पद्धतीला तितकीशी नाही. आणि आकडे येत नाहीत, ही सबब आज बेंगळुरूत काय किंवा बेळगावात काय, कोणीही सांगू नये.