एपवर्थमधली आईची शाळा



अमेरिकेत आणि इतरही देशांत अनेक ख्रिस्ती आया मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. रांधणं, धुणं, कडेवरचं बाळ आणि त्यातच मुलांचा अभ्यास. थकल्या की त्या ज्या बायांची आठवण काढतात, त्यांतली एक सुमारे ३०० वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये होऊन गेली. तिचं नाव सुझॅना वेस्ली. आज तिची गोष्ट आपण ऐकू या.

सुझॅनाचा जन्म १६६९ चा, लंडनचा. आईवडिलांचं ती २५ वं अपत्य. नवरा सॅम्युअल वेस्ली एपवर्थ नावाच्या खेड्यात पाळक होता. तिला १९ मुलं झाली. त्यांतली ९ तान्हेपणीच गेली. घरावर कर्ज कायमचंच. १७०५ साली कर्जापायी नवऱ्याला तुरुंगात जावं लागलं. त्याच सुमाराला वैरातून कुणीतरी त्यांच्या गाईंवर हत्यार चालवलं. गाई आटल्या, आणि घरातल्या लेकरांचं दूध गेलं. गाय आटली की घराचं काय होतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

अशा घरात या बाईनं शाळा चालवली. वेळ ठरलेली: सकाळी ९ ते १२, दुपारी २ ते ५. मूल ५ वर्षांचं झालं की शिक्षण सुरू. पहिल्या दिवशी अक्षरं ओळखायची. बहुतेक मुलांना एकच दिवस पुरला, दोन मुलींना दीड दिवस लागला. पाठ्यपुस्तक म्हणजे बायबल. अक्षरं आली की लगेच पहिल्या अध्यायातली पहिली ओळ जुळवून वाचायची. संध्याकाळी ५ वाजता मोठं भावंड धाकट्याला घेऊन बसे आणि त्याला वाचून दाखवी. एकट्या आईच्यानं सगळं होत नाही, हे तिनं ओळखलं होतं.

तिचा एक नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. मुलीला नीट वाचता येईपर्यंत शिवणकामाला बसवायचं नाही. मुलींना लवकर शिवायला बसवतात, म्हणूनच इतक्या थोड्या बायांना चांगलं वाचता येतं, असं तिचं म्हणणं होतं. त्या काळात हे म्हणायला धीर लागत होता.

१७०९ च्या फेब्रुवारीत घर जळालं. ५ वर्षांचा जॉन माडीवर अडकला होता, त्याला खिडकीतून काढलं. मुलं इतरांच्या घरी विखुरली आणि त्यांची शिस्त मोडली. घर पुन्हा उभं राहिल्यावर सुझॅनानं शाळाही पुन्हा पहिल्यापासून लावली. शिवाय रोज रात्री एकेका मुलाशी वेगळं बोलायचं ठरवलं. गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. घरात गर्दी असली, तरी आठवड्यातून एकदा आई त्या मुलाची एकट्याची असे.

तिचं सगळंच उचलण्यासारखं नाही. वर्षाच्या बाळालाही छडीचा धाक घालून हळू आवाजात रडायला ती शिकवी. ते आपण घ्यायचं नाही.

आणि एक गोष्ट मनाला लागते. तिघे मुलगे पुढे ऑक्सफर्डला शिकले. जॉन आणि चार्ल्स यांच्यापासून मेथडिस्ट पंथ सुरू झाला, त्याची चर्च आज आपल्या महाराष्ट्रातही आहेत. मुलीही तितक्याच हुशार होत्या. हेटी तर कविता करी. पण ऑक्सफर्डचं दार मुलींना बंद होतं. हेटीच्या वाट्याला दुःखाचा संसार आला. आईनं घरात मुलगा-मुलगी दोघांना अक्षर दिलं, पण उंबऱ्याबाहेरची वाट तिच्या एकटीच्या हातात नव्हती.

आपल्या मुलींसाठी आज शाळा आहे, तिचा हक्क त्यांना मिळालाच पाहिजे. पण शाळा सुटल्यावर घरी काय होतं, ते आपल्या हातात आहे. मुलगी वाचत बसली असेल, तर झाडू तिच्या हातात देण्याआधी तेवढं पान पुरं होऊ द्या. मोठीला धाकट्याजवळ पुस्तक घेऊन बसवा. आठवड्यातून एक संध्याकाळ एकेका लेकराला द्या. स्वतःला वाचता येत नसेल, तरी ऐकायला बसता येतं. आई ऐकते आहे म्हटलं, की मूल मोठ्यानं वाचतं.

गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला, की एवढं एकमेकींना जरूर विचारा: या आठवड्यात तुझ्या मुलीनं काय वाचलं?