घर आपले, आळी सर्वांची

म्हैसूरहून तिरुमकूडलु नरसीपुराच्या रस्त्याने गेले म्हणजे कावेरी आणि कपिला यांच्या संगमाचा परिसर लागतो. त्या परिसरातच सोसले हे लहानसे गाव आहे. माध्व संप्रदायातील मंडळींस त्याचे नाव नवे नाही. विजयनगरच्या वैभवकाळी होऊन गेलेल्या व्यासतीर्थांच्या परंपरेची एक शाखा 'सोसले व्यासराज मठ' या नावानेच ओळखली जाते. आमचे एक जुने घर या गावी होते. 'होते' असे आता म्हणावयास हवे, कारण गेल्या वर्षी ते आम्ही आमच्याच सहीने पाडावयास दिले.

घर काही वाडा नव्हे. कौलारू छप्पर, लाकडी खांब आणि दारापुढे दगडी ओटा, एवढाच त्याचा थाट. ओट्यास तिकडे 'जगली' म्हणतात. आमच्या आळीतील सात-आठ घरांच्या जगल्या एका ओळीत होत्या. बाजारहाट करून परतणाऱ्याने कोणाच्याही जगलीवर ओझे टेकावे, घोटभर पाणी मागावे आणि पुढे जावे, असा रिवाज होता. नव्या घराच्या परवानगीसाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करावयाचा तेव्हा आम्ही 'ई-स्वत्तू'चा उतारा, कर भरल्याची पावती आणि नकाशा जोडला. कर्नाटकात १९९३ च्या पंचायत राज कायद्याप्रमाणे गावात घर बांधण्यास पंचायतीची परवानगी लागते. ती यथाकाल मिळाली. मोटार आत यावी म्हणून नकाशात जगलीच्या जागी फाटक होते. ते पाहून कोणी काही विचारले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही स्वतःस काही विचारले नाही. घर पडल्यानंतर आळीच्या तोंडाशी उभे राहिलो, तेव्हा दातांच्या ओळीतील एक दात पडावा तशी ती आळी दिसली. त्या क्षणी मनात जो प्रश्न उठला त्याच्या शोधात हा लेख लिहिला आहे. घर आपल्या मालकीचे असते हे खरे. पण आळीचे रूप कोणाच्या मालकीचे, आणि त्याविषयी निर्णय कोणी करावयाचा?

हा प्रश्न आजचा नव्हे. पेशवाईतील पुण्यात रस्ते, गल्ल्या आणि घरे यांविषयीचे तंटे कोतवालाकडे जात. एकाच्या भिंतीने दुसऱ्याची वाट अडू नये, एवढ्यापुरता सरकारचा हात घरापर्यंत पोहोचत असे. वाड्याचा दिंडीदरवाजा कसा असावा, सोप्याची उंची किती, चौक कोठे, हे मात्र सरकार ठरवीत नव्हते. ते गवंडी-सुतारांची परंपरा, हाताशी असलेले सामान आणि जनरीत ठरवीत असे. कोणताही लेखी नियम नसता पेठापेठांना आपापला चेहरा लाभला तो यामुळे.

ही स्थिती पालटली ती प्लेगने. १८९६ साली मुंबईत साथ आली आणि दाट वस्ती हीच रोगाची जननी असे सरकारने मानले. १८९८ च्या कायद्याने 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढणे, जुनी घरे पाडणे, नव्या जागी आखीव वसाहती वसविणे हे त्याचे काम. त्याच वर्षी साथ बंगळूरात शिरली आणि म्हैसूर संस्थानासही त्याच वाटेने जावे लागले. येथे आम्हां मराठी मंडळींनी एक नाव आवर्जून ध्यानात ठेवावे. संस्थानाच्या प्लेग कमिशनरची जबाबदारी ज्यांच्यावर आली ते व्ही. पी. माधवराव हे कुंभकोणच्या तंजावरी मराठी घराण्यातील होते. पुढे १९०६ ते १९०९ या काळात ते म्हैसूरचे दिवाण झाले, आणि त्यांच्यानंतर त्या पदावर आलेले टी. आनंदराव हेही तंजावरी मराठीच. बंगळूरची बसवनगुडी व मल्लेश्वरम ही उपनगरे त्या साथीच्या सुमारास आकारास आली. खुद्द म्हैसूर शहरासाठी १९०३ साली नगरसुधारणा मंडळ निर्माण झाले आणि १९८८ साली नगरविकास प्राधिकरण येईपर्यंत, म्हणजे पंच्याऐंशी वर्षे, या नगरीचा विस्तार त्याच्या हातून झाला. आज आपण ज्यास 'जुने, निवांत म्हैसूर' म्हणतो, ते रुंद रस्ते, घराभोवतीची मोकळी जागा, मागची सफाईची गल्ली, हे सारे आकाशातून पडलेले नाही. ते कोणा कचेरीतील मेजावर झालेल्या निर्णयांचे फळ आहे.

या निर्णयांना दुसरीही बाजू होती. रुंद रस्त्यासाठी ज्यांची घरे गेली ते कोठे गेले, हा हिशेब फारसा कोणी मांडला नाही. तो मांडण्याचा आग्रह धरणारा एक विलक्षण माणूस १९१४ साली हिंदुस्थानात आला. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडीस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले अध्यापक झाले आणि मालवणचे गो. स. घुर्ये हे त्यांचे शिष्य. नगरात शस्त्रक्रिया करावयाची तर ती शरीर राखून करावी, असे गेडीस यांचे सूत्र होते. सरळ रेषेतला रस्ता आखून शेकडो घरे पाडण्यापेक्षा पडीक घरे तेवढी काढावी, लहान चौक मोकळे करावे, झाडे राखावी. खर्चही कमी आणि माणसेही आपल्या जागी राहतात, असे ते दाखवून देत. १९१५ साली तंजावरच्या जुन्या वस्तीविषयी त्यांनी असाच अभिप्राय दिला. इंदूरला होळकर दरबारच्या निमंत्रणावरून गेले असता त्यांनी दिवाळीत स्वच्छतेची मिरवणूक काढली, तीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमा फिरवून अखेरीस जाळल्या. नगररचना ही कचेरीतील नकाशापेक्षा लोकांच्या मनात आधी व्हावी लागते, हे त्या माणसाने ओळखले होते. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. हिंदुस्थानातील तो तसला पहिला कायदा. त्यात नकाशा आला, क्षेत्रफळ आले, रस्त्याची रुंदी आली. गेडीस ज्याविषयी बोलत होते ते मात्र कोणत्याही रकान्यात बसले नाही.

नियमांनी घडविलेल्या वस्तीवर पुढे काय प्रसंग येतो, याचे मराठी माणसाच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे दादरचे शिवाजी पार्क. मुंबई नगरपालिकेने १९२५ साली 'माहीम पार्क' या नावाने हे मैदान लोकांस खुले केले आणि नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ साली त्यास शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. मैदानाभोवती ठरावीक उंचीची, अर्धगोल गच्च्यांची घरे झाली. पाहता पाहता ती मराठी मध्यमवर्गाच्या मनातील मुंबई झाली. १९९५ साली मुंबईत वारसा वास्तूंसाठी नियमावली आली. भारतातील कोणत्याही शहराच्या आधी. जेथे इमारत वाढविता येत नाही तेथील मालकाने आपले न वापरलेले बांधकामहक्क अन्यत्र विकावे, अशी तरतूदही तीत होती. २०१२ साली नवी यादी प्रसिद्ध झाली आणि शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी यांसारखे परिसर तीत प्रस्तावित झाले, तेव्हा मोठा विरोध झाला. आणि विरोध करणाऱ्यांत तेथील रहिवासीच पुष्कळ होते.

वरकरणी हे विचित्र वाटेल. ज्यांच्या घरांस मान मिळावयाचा तेच नको म्हणतात! पण त्यांचे म्हणणे ऐकण्याजोगे होते. इमारती जुन्या, दुरुस्तीचा खर्च मोठा, भाडे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेले, वृद्धांना उद्वाहन नाही. परिसराचा चेहरा राखावयाचा तो साऱ्या शहरासाठी, आणि त्याचा भार मात्र त्या चार घरांनी सोसावयाचा, हा कोणता न्याय? वस्तीचे रूप राखण्याचे बहुतेक प्रयत्न जेथे अडतात ती जागा ही आहे. रूप सर्वांचे आणि खर्च एकाचा, अशी वाटणी फार काळ टिकत नाही.

आमच्या म्हैसुरात हाच पेच अधिक कठोर रूपाने दिसला. व्हाइसरॉय लॅन्सडाउन यांच्या भेटीच्या स्मरणार्थ बांधलेल्या इमारतीचा काही भाग २०१२ साली कोसळून माणसे दगावली. २०१६ साली देवराज मार्केटचा एक भाग पडला. दुरुस्ती करावी की पाडून नवे बांधावे, यावर महानगरपालिका आणि वारसाप्रेमी यांच्यात वाद झाला आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. पडक्या भिंतीखाली माणसे मेली असता 'चेहरा राखा' म्हणणे जड जाते, हे आम्ही जाणतो. पण भिंत एका दिवसात पडत नाही. वर्षानुवर्षे कौल बदलले जात नाही, पाणी मुरते, तुळई कुजते; आणि मग एके दिवशी पाडणे हाच एक मार्ग उरतो. पाडण्याचा निर्णय कागदावर येतो त्याच्या पुष्कळ आधी, दुरुस्ती न करण्याच्या रूपाने, तो होऊन गेलेला असतो.

आपल्यापैकी जी कुटुंबे इंग्लंडात आहेत त्यांना तेथील रीत ठाऊक असेल. १९४७ च्या कायद्यापासून तेथे घराच्या बहुतेक मोठ्या फेरबदलास स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते. अर्जाची सूचना शेजाऱ्यांना पत्राने मिळते किंवा जवळच्या खांबावर लागते, आणि हरकत असल्यास ती लेखी नोंदविता येते. १९६७ च्या कायद्याने एखादा संपूर्ण परिसर त्याच्या रूपासाठी संरक्षित करता येऊ लागला. 'या बांधकामाने वस्तीचे वळण बिघडेल' हे तेथे विचारात घेण्याजोगे कारण ठरते. त्या रीतीतही दोष आहेतच. वस्तीच्या रूपाची ढाल पुढे करून नव्या माणसांना दूर ठेवण्याचा मोह तेथे अनेकांना होतो. आपल्याकडेही 'आमच्या सोसायटीचे वळण' या शब्दांआड कोणास घर नाकारले जाते हे आपण जाणतो. वस्तीचे रूप म्हणजे तेथील माणसांची जात किंवा भाषा नव्हे, हे निक्षून सांगितलेच पाहिजे. पण शेजाऱ्याचे म्हणणे आधी ऐकावे, निर्णय मागाहून करावा, ही त्या रीतीतील मूळ गोष्ट घेण्याजोगी आहे. आपल्या कायद्यांत संपूर्ण शहराच्या विकास आराखड्यावर हरकती मागविण्याची सोय आहे. परंतु शेजारचे एखादे घर पडणार हे सामान्यतः आपणांस यंत्राची घरघर ऐकू आल्यावरच कळते.

आता पुन्हा सोसल्याकडे वळतो. आमच्या घरास परवानगी देताना पंचायतीने कोणतीही चूक केली नाही. कायद्याने जे विचारावयाचे ते तिने विचारले. जे विचारले गेले नाही ते आम्ही स्वतःस विचारावयास हवे होते. आमच्यासारखी जी घराणी पोटापाण्यासाठी दूर गेली, त्यांच्यासाठी गावचे घर म्हणजे एक स्मरण असते. तेथे राहणाऱ्यांसाठी ती रोजची आळी असते. सभासमारंभांतून जुन्या वाड्यांच्या आठवणी काढताना आपला गळा दाटून येतो, आणि पुण्याहून वा साताऱ्याहून संमतीपत्र आले की आपण ते न वाचताच सही करून पाठवितो. आठवण आपण ठेवतो आणि निर्णय दुसऱ्यावर सोपवितो. हा आरोप आम्ही इतरांवर करीत नाही. आधी स्वतःवरच करतो.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी वाचकांना एवढीच विनंती. घर राखणे प्रत्येकास शक्य नाही. जुने घर पाडणे हा गुन्हा नव्हे, आणि भिजणाऱ्या छपराखाली म्हाताऱ्या माणसांना ठेवणे हे संस्कृतिरक्षण नव्हे. पण पुढचा कागद आपल्यापुढे येईल तेव्हा सही करण्यापूर्वी शेजारच्या घरी एकदा विचारावे. नकाशा करणाऱ्यास 'आळीच्या ओळीत काय बसेल' हे सांगावे. आणि जेथे राखण्याजोगे काही आहे तेथे त्याचा भार गावी राहणाऱ्या एकट्या भावावर न टाकता आपला वाटा उचलावा.

आमचे नवे घर अद्याप पुरे झालेले नाही. नकाशा दुरुस्त करून घेण्यासाठी आम्ही पुन्हा पंचायतीत अर्ज दिला आहे. मोटार मागच्या बाजूने आत घेण्याची सोय निघाली. पुढे जगली होईल. जुना दगड गवंड्याने बाजूस ठेवला होता, तोच तेथे बसेल. शेजारच्या आजीबाईंना हे कळले तेव्हा त्या कन्नडमध्ये एवढेच म्हणाल्या, की उंची मात्र पूर्वीइतकीच ठेवा, आमच्या गुडघ्यांना तीच सवयीची आहे. नकाशात ते माप आता आम्ही त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहिले आहे.