निळीपासून रसायनीपर्यंत

नीळ ही आपल्या देशाची फार जुनी ओळख. निळीच्या झाडाचा पाला हौदात कुजवायचा, पाणी घुसळायचे आणि तळाशी बसलेला गाळ सुकवून वड्या पाडायच्या, असा तो धंदा. आपला संस्कृत ‘नीली’ हा शब्द अरबांनी उचलला, त्यांच्याकडून तो पोर्तुगिजांकडे गेला आणि तिथे त्याचा ‘अनिल’ झाला. पुढे १८२६ साली उन्फरडोर्बेन नावाच्या जर्मन रसायनज्ञाने नीळ तापवून तिच्यातून एक तेलकट द्रव काढला. १८४० मध्ये फ्रिट्शे याने निळीपासूनच तो द्रव पुन्हा मिळवला आणि त्या ‘अनिल’वरून त्याचे नाव ‘ॲनिलिन’ ठेवले.

हे ॲनिलिन ॲमाइन कुळातले. आता ॲमाइन म्हणजे काय? तर अमोनियाचा भाऊबंद. गोठा दोन दिवस झाडला नाही की नाकाला जो झोंबतो, तो अमोनिया. त्याच्यातल्या हायड्रोजनच्या जागी कार्बनचा गट बसवला, की ॲमाइन तयार होते. शिळ्या मासळीला जो वास येतो, तोही याच कुळाचा.

सन १८५६ मध्ये लंडनच्या पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती ॲनिलिनपासून जांभळा रंग लागला, आणि रंगांचे कारखाने उभे राहू लागले. १८९७ साली जर्मनीतून कारखान्यात केलेली नीळ बाजारात आली. पुढे ती ॲनिलिनपासूनच होऊ लागली. निळीच्या पोटी जन्मलेल्या या द्रवाने शेतातल्या निळीचा धंदा बुडवला. भाव पडले तेव्हा बिहारातील मळेवाल्यांनी तोटा कुळांवर लादला, आणि १९१७ साली महात्मा गांधींना चंपारणला जावे लागले. हा इतिहास गुरुजी वर्गात शिकवतातच. पण या कथेला दुसरी एक बाजू आहे, ती क्वचितच सांगितली जाते. ती आहे कामगाराच्या शरीराची.

ॲनिलिन कातडीतून आत शिरते. जखम लागत नाही, आगही होत नाही. रक्तातल्या लोहावर त्याचा परिणाम होतो आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मग ओठ निळे पडतात, नखे निळी पडतात, डोके दुखते, घेरी येते. कधी कधी ही लक्षणे काही तासांनी दिसतात, म्हणजे माणूस पाळी संपवून घरी पोहोचल्यावर. १८८६ साली इंग्लंडात रेनर नावाच्या डॉक्टराने नोंद केली, की नवजात बाळे निळी पडत होती. कारण शोधता आढळले, की त्यांच्या दुपट्यांवर खुणेचे शिक्के मारलेली शाई ॲनिलिनची होती. फडक्यावरच्या शिक्क्याने बाळ निळे पडत असेल, तर कपड्यावर सांडलेल्या पेलाभर द्रवाने काय होईल, याचा विचार आपणच करा.

पुढे १८९५ साली फ्रँकफुर्टच्या रेन या शस्त्रवैद्याने रंगाच्या कारखान्यातील तीन कामगारांच्या मूत्राशयात गाठी झाल्याचे जाहीर केले. दोष प्रथम ॲनिलिनला दिला गेला. नंतर कळले, की मुख्य अपराधी त्याचेच भाऊबंद, बेंझिडीन आणि नॅफ्थिलअमाइन, हे होते. तरी ॲनिलिन निर्दोष सुटले असे नाही. २०२० साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. खालापूरची पाताळगंगा पूर्वी पावसाळ्यानंतर आटत असे. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे वीजघर सुरू झाले. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून खाली येऊ लागले आणि जनित्रे फिरवून पाताळगंगेत पडू लागले. नदी बारमाही झाली. जवळ मुंबई, जवळ बंदर, हाताशी पाणी व वीज. मग कारखाने इकडे आले नसते तरच नवल. १२ डिसेंबर १९६० रोजी हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. औषधे, रंग, रबर यांना लागणारी मूळ रसायने देशातच व्हावीत हा तिचा हेतू. खालापूर-पनवेलच्या शिवेवर रसायनी येथे १९७०-७१ पासून तिचे उत्पादन सुरू झाले. नायट्रोबेंझिन आणि त्यापासून ॲनिलिन ही तिची प्रमुख उत्पादने. निळीच्या देशात निळीचे लेकरू असे परत आले.

काळ बदलला. २०१७ साली केंद्र सरकारने रसायनीतील या कंपनीचे तोट्यातले विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणांना लागणाऱ्या द्रवाचा विभाग तेवढा अवकाश संशोधन संस्थेकडे सोपवण्याचे ठरले. पण ॲमाइन कुळ या खोऱ्यातून गेलेले नाही. १९७९ साली स्थापन झालेल्या अल्काइल अमाइन्स कंपनीचा कारखाना पाताळगंगेच्या औद्योगिक क्षेत्रात आहे. औषधे, शेतीची रसायने, रबर यांना ही द्रव्ये लागतातच. ती नकोत असे म्हणून भागणार नाही. ती ओळखली पाहिजेत.

या नव्या भावंडांचा स्वभाव ॲनिलिनहून वेगळा आहे. एथिलअमाइन, डायएथिलअमाइन, एथिलीन डायअमाइन ही कॉस्टिक सोड्यासारखी दाहक. कातडी भाजते. वाफ छातीत गेली तर कोंडल्यासारखे होते. डोळ्यात थेंब गेला तर तो वरवर थांबत नाही, आत आत खात जातो. शिवाय ती झटकन पेट घेतात. शुद्ध एथिलअमाइन १७ अंशांनाच उकळते, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात ते उघड्यावर वायूच व्हायचे. त्याची वाफ हवेहून जड असते. ती सखल जागी, नाल्यात, खाचरात साचते. म्हणून टँकर कलंडला तर उताराकडे पळू नये. वारा जिकडून येतो त्या बाजूला आणि उंचावर जावे. विडी पेटवू नये, बघ्यांची गर्दी करू नये. १३ जून २०२३ रोजी खंडाळ्याजवळ द्रुतगती मार्गावरच्या पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळता द्रव पुलाखालच्या रस्त्यावर पडला. त्या दुर्घटनेत चार जीव गेले.

आणि अंगावर उडाले तर? कपडे तत्काळ काढावेत आणि भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. निदान पंधरा मिनिटे. डोळा असेल तर त्याहूनही अधिक, पापण्या उघड्या धरून. हळद, तूप, चुना काही लावू नये. क्षारावर लिंबू पिळावे असे कोणी सांगेल, तेही करू नये, कारण त्याने आग वाढते. पोटात गेले असल्यास उलटी काढू नये. धुणाऱ्यानेही आपले हात जपावेत. मग दवाखाना गाठावा आणि पिंपावरचे नाव डॉक्टरांना सांगावे. नाव कळले तर उपाय लवकर होतो. ॲनिलिनच्या निळेपणावर मिथिलीन ब्ल्यू नावाचे औषध शिरेतून देतात. गंमत पाहा, तोही एक निळा रंगच आहे, १८७६ साली जर्मनीत तयार झालेला! मात्र तो द्यायचा डॉक्टरांनी.

एक गोष्ट आयाबहिणींना आवर्जून सांगावीशी वाटते. रिकामे पिंप स्वस्तात मिळते, मजबूत असते, आणि उन्हाळ्यात वाडीवर पाण्याची चणचण असतेच. पण रसायनाचे पिंप कितीही विसळले तरी पाणी, धान्य वा ताक ठेवण्याजोगे होत नाही. कारखान्यात नेसलेले कपडेही घरच्या धुण्यात, विशेषतः लेकराच्या कपड्यांत, मिसळू नयेत. दुपट्यांची गोष्ट वर आलीच आहे.

कायद्याने याबाबत मोठे पाऊल टाकले ते भोपाळनंतर. १९८४ ची ती रात्र होईपर्यंत भिंतीआड काय साठवले आहे हे शेजाऱ्याला सांगण्याचे बंधन नव्हते. १९८७ साली कारखाने कायद्यात सुधारणा झाली. धोका काय आणि तो घडल्यास काय करावे, ही माहिती कामगारांबरोबर आसपासच्या रहिवाशांनाही देणे मालकावर बंधनकारक ठरले. १९८९ च्या नियमांनी जिल्ह्याच्या पातळीवर कारखान्याबाहेरच्या संकटाची योजना आखावयास लावली. त्याच सालच्या मोटार वाहन नियमांनी टँकरवर फलक आणला. त्यावर चार आकडी क्रमांक असतो. १५४७ म्हणजे ॲनिलिन, ११५४ म्हणजे डायएथिलअमाइन. हात आणि धातू यांवर नळीतून द्रव ओघळतो आहे असे चित्र दिसले, की समजावे, आत खाणारा पदार्थ आहे. लांबूनच क्रमांक वाचून ११२ वर कळवावा.

कायद्यांची नावे व कलमे काळाप्रमाणे बदलतात. पण शेजाऱ्याला माहिती मिळाली पाहिजे हे तत्त्व हक्काचे आहे आणि ग्रामसभेने ते मागून घेतले पाहिजे. आपल्या शिवारालगत कोणती रसायने आहेत, भोंगा वाजला तर कुणी कुठे जमायचे, जवळच्या दवाखान्यात कोणते औषध आहे, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. कर्जत-खालापूरच्या शाळांतील गुरुजींनी ती चार आकडी पाटी फळ्यावर काढून मुलांना एकदा समजावून द्यावी. दीडशे-दोनशे वर्षांत या रसायनांविषयी जे ज्ञान जमले, ते पुष्कळसे कामगारांनी आपल्या शरीराची किंमत देऊन मिळवून दिले आहे. ते कारखान्याच्या फाटकातच अडून राहू नये. ते वाडीवस्तीपर्यंत पोहोचावे.