पोळपाटावरचा उपचार

पक्षाघातातून उठलेल्या बाईला घरची माणसे मायेने म्हणतात, "आता तुम्ही नुसत्या बसा." पण ज्या हातांनी वर्षानुवर्षे घर जेवू घातले, ते हात अशा मायेने कायमचे रिकामे होतात. त्या हातांना पुन्हा काम देणे हाही उपचारच आहे, हे आपल्याकडे रुजवणाऱ्या कमलाबाई निंबकर यांचे नाव सातारा जिल्ह्यातील फलटणशी जोडलेले आहे.

कमलाबाई मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या इथल्याच झाल्या. अमेरिकेत 1917 साली संघटित झालेले व्यवसायोपचाराचे शास्त्र त्यांनी आपल्याकडे आणले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950 साली त्यांनी या विषयाचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले. 1952 मध्ये जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. फलटणमध्ये 1986 साली सुरू झालेल्या कमला निंबकर बालभवन या शाळेला त्यांचेच नाव आहे.

या शास्त्रात स्वयंपाकाला मानाचे स्थान आहे. कणीक मळताना बोटांना आणि मनगटाला बळ येते. पोळी लाटताना धडधाकट हात दुबळ्या हाताला सोबत घेऊन चालतो. मटार सोलताना चिमूट सुधारते. साधा चहा करायचा तरी आधी पाणी, मग साखर, पूड, दूध आणि शेवटी गॅस बंद, हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो. मन खचलेल्या माणसाने चार लाडू वळले, तर तासाभरात काहीतरी पुरे झाल्याचे समाधान मिळते आणि खाणाराही समोर असतो.

सांगली जिल्ह्यातील मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उभारले. कुष्ठरुग्णांवरील उपचारांचीही तिथे जुनी परंपरा आहे. या रोगात हाताची संवेदना गेली की चटका कळत नाही आणि चुलीपाशी जखमा होतात. म्हणून भांडे जाड फडक्याने धरायचे आणि हात रोज डोळ्यांनी तपासायचे, हे शिकवावे लागते. स्वयंपाकघर बरे करते, तसे इजाही करते. विस्तव आणि विळी तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच हाती द्यावी.

आणखी एक पथ्य आहे. काम रुग्णाला विचारून द्यावे. ज्यांनी कधी चूल पेटवली नाही, त्या आजोबांनाही शेंगा सोलायला आवडू शकेल. आणि आयुष्यभर रांधून थकलेल्या आजींना कदाचित बागेतली फुले वेचावीशी वाटतील. त्यांचे ऐकणे ही उपचाराची पहिली पायरी.